हरणीच्या घशात

२० ऑक्टोबर १९९६
आलो बाबा एकदाचा कोल्हापुरात! तालमीतले वस्ताद म्हणाले, रोजच्या जोर-बैठका आणि खुराक लिहून ठेव, म्हणून ही वही. आकारामतात्यांच्या गोठ्यामागं खोली मिळाली. हरणी आणि चंद्री, दोन म्हशींचं शेण-वैरण मी करायचं; बदल्यात जेवण आणि पोटभर दूध. संध्याकाळी तात्या म्हशी कट्ट्यावर नेतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात, गिऱ्हाईक तिथंच पेला तोंडाला लावतं. आमच्या गडहिंग्लजकडं असलं काय न्हाई! तात्यांना आणि त्यांच्या बायकोला, बयाकाकीला, पोरबाळ न्हाई. पाठीवर थाप मारून म्हणाले, प्रभुलिंगा, आजपासनं तू माझा ल्योक. अव्वाला लगेच पत्र टाकलं, आईचा घोर मिटंल.

दिवाळी पाडवा
म्हशींची शिंगं रंगवली, मोरपिसं बांधली. तात्यांच्या मोटरसायकलीमागं हरणी अशी पळाली की सगळी गल्ली शिट्ट्या मारत होती. परतताना ओढ्यापाशी एक कुत्रं म्हशींच्या अंगावर आलं. मी लांब होतो. तात्या म्हणाले, नुसतं भुंकलं. हरणीच्या नाकपुडीवर ओरखडा दिसला, तर म्हणाले, चंद्रीचं शिंग लागलं. चुना लावला.

१४ डिसेंबर
हरणी खाईना. तोंडातनं लाळेच्या तारा, घोगरं हंबरणं. तात्या म्हणाले, घशात उसाचं कांडं अडकलंय, तुझा हात लांब हाय, घाल. घातला की कोपरापर्यंत! काय न्हवतं. विळ्यानं कापलेल्या बोटाला तिचा दात लागला. तात्यांनी डोक्यावरनं हात फिरवला, खरा ल्योक हाईस म्हणाले.

१६ डिसेंबर
हरणी गेली. मी लहान पोरासारखा रडलो. तात्या म्हणाले, भाईर बोलू नको, गिऱ्हाईक बिचकतं.

२० डिसेंबर
तात्या आणि बयाकाकी रोज सकाळी जोतिबाला जातात, घरावरची पीडा टळावी म्हणून. मीपण येतो म्हटलं, तर म्हणाले, चंद्रीला कोण बघणार? येताना तात्या पोट धरून चालतात. डोंगर चढून दुखतंय म्हणे.

२ फेब्रुवारी १९९७
बोट कवाच भरलंय, पण तिथं मुंग्या येतायत. अंगात कणकण. आखाड्यात वस्तादांनी शिव्या घातल्या.

४ फेब्रुवारी
पाणी प्यायला गेलो आणि घसा आवळला. तांब्याच पडला. वारं लागलं तरी मान ओढती. दवाखान्यात गेलतो. डॉक्टरनी विचारलं, कुत्रं चावलं का? न्हाई म्हटलं. मग म्हशीचं विचारलं. सांगितल्यावर माझं बोट उलटंपालटं करून बघितलं. म्हणाले, रोगाचा विषाणू जखमेतनं शिरेशिरेनं वर चढतो, मेंदूला सूज आणतो. तवाच इंजेक्शनं घेतली असती तर... घरचं माणूस घेऊन ये म्हणाले. माझं हितं तात्यांशिवाय कोण हाय? म्हणून परत आलो.

५ फेब्रुवारी
काकी रडत सगळं बोलली. कुत्रं पिसाळलेलंच होतं. दोन्ही म्हशींना चावलं. तात्यानं बघितलं होतं. म्हस पिसाळली का खरंच कांडं अडकलंय, ते बघायला माझा हात! ती मेल्यावर दोघं जोतिबाला न्हाई, पोटात इंजेक्शनं घ्यायला जात होती. मला न्हेलं न्हाई. मी तालमीत बोललो असतो, कट्टा बंद पडला असता.
ल्योक म्हणाला होतास की रं मला! हात घाल म्हणताना ठावं होतं तुला. एका शब्दानं जगलो असतो मी.
जायला उठलो तर— दार भाईरनं लावलंय.

६ फेब्रुवारी
थुंकी गिळवंना. फटीतनं गोठा दिसतोय. चंद्री लाळ गाळतीय—
तात्या आलाय. संगं नवा पैलवान, मुरगूडचा. घशात कांडं अडकलंय म्हणतोय त्याला. पाठीवर थाप— ल्योक म्हणतोय—

ओरडतोय मी. आवाज फुटंना. नुसतं घोगरं, हरणीगत—

दारावर लाथा घातल्या. त्यानं हिकडं बघितलं! तात्या म्हणतोय, काय न्हाई, आत रेडकू हाय—

बाही वर सारली त्यानं. अरं नगो— हात—