बेताची साखर

गुडघा कुरवाळत बसलेल्या आमच्या ह्यांना नमस्कार,

मी मजेत आहे. पत्र नात लिहिते आहे, म्हणून जरा जपून बोलते.

तुम्ही डॉक्टरांना सांगून बसलात ना, "नात दुखण्यावरचं औषध शोधते आहे, तोवर ऑपरेशन नको"? म्हणून काल मुद्दाम तिची प्रयोगशाळा पाहून आले.

आपल्या अंगातच कळ शमवणारे प्रथिनांचे बारीक तुकडे तयार होतात. तसलेच ही बनवते. पण बाहेरून टोचले, तर मेंदूच्या दारावरून ते परत पाठवले जातात. म्हणून ही प्रत्येकाला साखरेचा एक कण जोडते, मग त्यातले बरेच आत शिरतात.

"मग पाकातच बुडव की!" मी म्हटलं.

"आजी, साखर जास्त झाली की ते रक्तातच रमतात, आत जातच नाहीत."

अगदी तुमच्यासारखं. फार गोड बोललं की तुम्हीही खुर्चीतून हलत नाही.

परवा उंदरांना गुण आला. नात नाचली, तिच्याबरोबर मीही. पण माणसांपर्यंत यायला कितीतरी वर्षं लागतील, कदाचित येणारही नाही. आजोबा आपल्या भरवशावर कळ सोसत बसलेत, हे तिला खुपतं. एवढं लिहिताना तिचं पेन थांबलं होतं.

जिना चढताना अजून भिंत धरता का? शेजारीण डोकावते ना?

या पत्रात साखर बेतानंच घातली आहे. आत पोहोचली असेल, तर ऑपरेशनची तारीख कळवा. मी आधीच येऊन बसते.

तुमचीच मी
(अंगठा माझाच आहे, नातीचा नाही.)