पानाच्या पोटातली खोली

प्रिय लुआ,

तुझं पत्र तुझ्या चुलतबहिणीने, हान्हने, आणून दिलं. तिसऱ्या उन्हाळ्यातही तुझा अझोला, भाताच्या खतासाठी जपलेला तो तरंगता पाला, लाल पडून कुजला, आणि तुझी सासू शेजारणींना सांगते, "अझोलाच्या गावची म्हणून हौसेने करून आणली, अन् हिच्या हातात शेवाळंसुद्धा जगत नाही!" वाचून माझा नुसता जळफळाट झाला. त्याहून जास्त माझीच मला लाज वाटली.

लग्नाआधी तू विचारलं होतंस, सगळ्या गावांचा अझोला उन्हात मरतो, आपलाच कसा वाचतो? मी म्हटलं, देवीची कृपा. खोटं बोलले गं. मी सून होऊन आले तेव्हा आठव्या दिवशी सासूबाईंनी मला देवळात नेऊन गावाबाहेर सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावली आणि मग अझोला जगवायचं सगळं शिकवलं. मी परक्या गावची, तरी मला शिकवलं. तू इथल्या चिखलात वाढलेली, पण तुला नाही, कारण लेक बाहेर जाते. हिवाळ्यात भाताच्या शेतात सोडायचं बी, म्हणजे हाच जिवंत पाला, न्यायला सारी पंचक्रोशी आपल्याच दारात येते, तो मान गावाला सोडवत नाही.

परवा हनोईहून शेतकी खात्याच्या ह्येनबाई सूक्ष्मदर्शक घेऊन आल्या होत्या. तुझे बाबा म्हणाले, "चाळीस वर्षं तुडवतोय हा पाला, त्यात बघायचं काय?" मग डोळा लावला तो काढेनात! शेवटी मी ढकललं त्यांना. लुआ, तिळाएवढं पान, त्याच्या पोटात एक खोली, आणि खोलीत निळसर हिरव्या मण्यांच्या माळा. ते जिवाणू. पान त्यांना आसरा देतं, गोड रस देतं. ते हवेतलं खत ओढून पानाला देतात, आणि पाला चिखलात कुजला की तेच भाताला मिळतं. कुणाचा गाजावाजा नाही की कुणाचे उपकार नाहीत. मी तर हात जोडले.

मी विचारलं, नव्या रोपात हे शिरतात कुठून? बाई म्हणाल्या, "बाहेरून नाही हो मावशी. फांदी आईपासून तुटून निघते, तेव्हा कोंबातच थोडे तिच्याबरोबर जातात." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आज देवळात जाऊन शपथ मोडतेय म्हणून सांगून आले. आता नीट वाच. उन्हाळ्यात मोठं तळं नको, बांबूच्या सावलीतलं लहान डबकं घे. रोज थोडं गार पाणी सोड. आठवड्याला मूठभर चुलीची राख टाक. दाटी झाली की विरळ कर, अळी दिसली की हाताने वेच. एवढंच आहे, पोरी, एवढ्यासाठी तुझी तीन वर्षं गेली. हान्हबरोबर बियाची टोपली पाठवतेय. बाबांना सांगितलं, तर त्यांनी टोपलीवर केळीचं पान ओलं करून घातलं. एवढंसं रोप लेकीला रिकाम्या हाताने पाठवत नाही. मी पाठवलं होतं.

तुझीच,
उशिरा शहाणी झालेली आई