बाथरूमची दांडी

मयूर विहार,
३ डिसेंबर

चि. केतन यास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू आईसाठी बाथरूममध्ये धरायला स्टीलची दांडी बसवून गेलास, तेव्हापासून तुझी आई आंघोळीला राणीसारखी जाते. शेजारच्या भाभीजींनाही आत नेऊन दाखवून झाली.

मी चष्मा लावून जोड पाहिले. दिसायला सुरेख आहेत. दिसण्यात तू कधीच कमी पडला नाहीस; इंजिनिअरिंगला नापास झालास त्या दिवशीही शर्टाला कडक इस्त्री होती. पण जोडाची ताकद वरून कळत नाही. स्टेनलेसला उष्णता जास्त लागली की जोडाच्या कडेला धातूचे कण फुगतात, तिथे गंज धरतो आणि एक दिवस दांडी हातात येते. तू म्हणे टिग वेल्डिंग केलंस. आमच्या काळी काडीच्या वेल्डिंगवर पूल उभे राहिले. सरकारी नोकरीत जन्मभर लोकांचे जोड तपासले, पोटच्या पोराचे सोडीन होय? दांडी काढून नोएडाला माझ्या जुन्या सहकाऱ्याच्या, विश्वनाथच्या प्रयोगशाळेत देणार आहे. तो ओढून, कापून बघेल.

सूनबाईंस आशीर्वाद. तुझ्या भल्यासाठीच वाईट होणारा,
अण्णा

गाझियाबाद,
६ डिसेंबर

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपला तुम्ही पोरखेळ म्हणता, म्हणून स्पीड पोस्टनं लिहितो. कृपा करून दांडी काढू नका. आईचा गुडघा मध्येच दगा देतो. त्याच पाइपचा, त्याच दिवशी केलेला नमुन्याचा जोड माझ्याकडे आहे. रेवती ऑफिसला जाताना तो विश्वनाथकाकांकडे देईल. तो खुशाल कापा. टिगमध्ये उष्णता बेतानं देता येते, म्हणून कण बारीक राहतात. इतक्या पातळ पाइपला काडी लावली असती तर भोकच पडलं असतं.

मी वेल्डिंगचं वर्कशॉप काढल्यापासून तुम्ही एकदाही आत पाऊल टाकलं नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. पण ते भांडण आपलं आहे. वड्याचं तेल वांग्यावर काढू नका. उद्या मी कामाला जयपूरला निघतो, दहा-बारा दिवसांनी आलो की बोलू.

तुमच्या एका बऱ्या शब्दाची वाट पाहणारा,
केतन

मयूर विहार,
१० डिसेंबर

चि. केतन यास आशीर्वाद.

नमुना परत पाठवला आहे. नमुन्याचा जोड सगळेच जीव ओतून करतात. ठेकेदारांचे नमुने मी कधी घेतले नाहीत. चालू कामातलाच तुकडा कापून नेत असे. आज सकाळी दांडीचे बोल्ट काढले. तुझी आई दारात उभी राहून रडवेली होऊन बघत होती. तिला म्हटलं, इतकी वर्षं नळ धरून उठलीस, अजून चार दिवस ऊठ.

शुभचिंतक,
अण्णा

नोएडा,
१५ डिसेंबर

चि. केतन यास अनेक उत्तम आशीर्वाद.

हे विश्वनाथच्या टेबलावर बसूनच लिहितो, कारण घरी पोचेपर्यंत माझा विचार बदलेल. दांडीचं एक टोक मशीनवर ओढलं. पाइप तुटला, जोड जागचा हलला नाही. दुसरं टोक कापून, घासून, आम्ल लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. कण बारीक आणि एकसारखे, कडेला गंजाला वाव नाही. शेजारी आमच्या जुन्या वेल्डरकडून काडीनं करून आणलेला जोड लावला होता. तो जोडावरच तुटला आणि आत काडीच्या लेपाचा मळ अडकलेला निघाला. मला वाईट वाटलं ते त्या बिचाऱ्याचं.

तर, काम उत्तम आहे. स्वतः केलंस की कामगाराकडून करून घेतलंस, तेवढं कळव. तुकडे मी कपाटात ठेवणार आहे. आईसाठी दुसरी दांडी कर.

आज तुझ्यावर खूश असलेला,
अण्णा

गाझियाबाद,
२ जानेवारी

केतनच्या बाबांस सा. न.

तुम्ही नोएडाला मशीन बघत होतात त्याच सकाळी मी नळ धरून उठायला गेले आणि नळासकट खाली आले. भाभीजींनी माझ्या हाका ऐकून दार तोडवलं नसतं तर तुम्ही परत येईपर्यंत तशीच पडून राहिले असते. तुम्ही हॉस्पिटलमध्ये आलात ते रिपोर्ट घेऊन. माझा खुबा मोडला होता, आणि तुम्ही माझ्या उशाशी उभे राहून जयपूरहून धावत आलेल्या केतनला सांगत होतात की कण बारीक निघाले.

तुमचं ते पत्र तो खिशात घेऊन फिरतो. जन्मभर वाट पाहिलेली शाबासकी मिळाली, आणि माझ्याकडे बघितलं की पोर रडतं. शाबासकीसुद्धा तुम्ही अशी दिलीत की त्याला ती घेता येऊ नये. याचा मला माझ्या खुब्यापेक्षा जास्त राग आहे.

डॉक्टरांनी खुब्यात स्टीलची सळई घातली आहे. ती कुणी केली, कशी केली, मला ठाऊक नाही. तुम्हाला ती बघायची इच्छा व्हायच्या आत सांगते, मी आता परत येणार नाही. इथेच राहीन.

केतन म्हणत होता, अण्णांचेही गुडघे गेलेत, तिकडे एक नवी दांडी बसवून येतो. मी त्याला माझी शपथ घातली आहे, जायचं नाही म्हणून. तुमच्या कपाटात ते उत्तम निघालेले तुकडे आहेत ना, उठताना ते धरा.

कळावे. लोभ पुष्कळ केला.
अलकनंदा