चौकोनी डोक्याचे खिळे

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दाजींनी मारलं, हे तू एका ओळीत उरकलंस आणि लगेच शेळीचं पुराण लावलंस. दात पडला की नुसता हलतोय, एवढं तरी नीट कळव.

मला आता गिरणीत मोठ्या करवतीवर घेतलंय. ओंडका लावण्याआधी मी त्यावर तळहात फिरवतो, कारण आत एखादा खिळा राहिला तर पातं तुटतं आणि माणूस कापतं. सगळे म्हणतात, हा ओंडक्याला मालिश करतो. म्हणू देत.

भांडू नकोस असं लिहून खोडलंय. सांभाळून भांड. तुझ्या मायेवर दोन घास जास्त जातात, ती कमी करू नकोस.

तुझा धाकटा

दि. १२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

दात पडला. मागचा होता, हसताना दिसत नाही.

पुरुषांनी बैठकीत डोंगरावरची उभी झाडं ठेकेदाराला विकली. झाडं गेली की खालचा झरा आटतो, हे मागच्या तोडीनंतर आम्ही लांबून हंडे वाहून शिकलोय. मी उठून म्हटलं, पाणी आम्ही भरायचं आणि सह्या तुम्ही करायच्या? ह्यांनी तिथेच हात उचलला. कुणी मध्ये पडलं नाही. एकजण एवढंच म्हणाला, की हे घरी करावं.

मग आम्ही बायकांनी बाबांच्या लोहारभट्टीतली खिळ्यांची पेटी उघडली. प्रत्येक खोडात खिळे ठोकले, वर चुन्याचा पट्टा ओढला आणि गावभर ओरडून सांगितलं. खिळ्यांचं लाकूड कुठली गिरणी घेईल? इजा कुणालाच नको, म्हणून तर चुना.

वेळेवर जेव. माया आहेच, ती काय तोलून पाठवू?

तुझी ताई

दि. २७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

बसून वाच. दाजी जिवंत आहेत, पण उजवा हात कोपरापासून गेला.

ठेकेदाराच्या ट्रकबरोबर तेच आले होते. ओंडक्यांवर चुना नव्हता, पण साल जागोजागी ताजी तासलेली होती. हात फिरवला तर बोटाला चौकोनी डोकं लागलं. बाबांशिवाय तसा खिळा कोण घडवायचं? मी करवत बंद करून मालकांना सांगितलं, की आत लोखंड आहे. दाजी सगळ्यांदेखत म्हणाले, खिळे मी उपटलेत, बहिणीनं ह्याचे कान भरलेत, हा तिच्याहून बाई. मी ओंडका सोडेना. त्यांनी माझं डोकं त्याच ओंडक्यावर आपटलं, कळ दाबली आणि ओंडका स्वतःच रेटला.

पातं तुटलं. हात भुशात पडला, मूठ अजून मिटलेली होती. मी कमरेचा पट्टा काढून त्यांचा दंड आवळला. आवळताना तुझा दात आठवला. तरी आवळला. बरोबर केलं ना?

रागावलीस तरी लिही.

तुझा धाकटा

दि. १९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बरोबरच केलंस. मला ह्यांचा मार नको होता, मरण नको होतं.

पण हे घरी आले आणि मला पाणी द्यायला जरा उशीर झाला, तर ह्यांनी डाव्या हातानं तांब्या फेकून मारला. डावाही शिकला. या वेळी मी पदर ओढला नाही. फुटलेलं कपाळ तसंच घेऊन झऱ्यावर गेले. बायका घरात शिरल्या, ह्यांची खाट ह्यांच्यासकट उचलली आणि दिराच्या ओसरीवर नेऊन ठेवली. ह्यांनी पाणी मागितलं, तर मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, झरा तिकडे आहे.

ठेकेदार उरलेल्या झाडांसाठी पुन्हा येणार आहे. पेटी संपलीय. त्या ओंडक्यांतले खिळे उपटून पाठव.

तुझी ताई

दि. २६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

खिळे सरळ करून पाठवतोय. मालकांनी त्या डोंगराचा माल बंद केलाय आणि इतर गिरण्यांनाही कळवलंय. तरी सोबत तांबडा रंग आहे. तो खोडाला चहूबाजूंनी, हात पोचेल तिथवर लावा. लपवायचं म्हटलं तर अख्खं झाड सोलावं लागेल असा.

आणि कपाळाची जखम भरली का, ते या वेळी एका ओळीत नको.

तुझा धाकटा