शेवटच्या पानावरचा निळा दोरा

पाली, राजगडाचा पायथा

प्रिय वन्सं,

आज दुपारी तुमची लबाडी सापडली, म्हणून लिहिते आहे. तुम्हाला जाऊन दोन महिने झाले, आता सुटले, असं समजू नका.

ते जाडजूड रशियन पुस्तक आठवतं ना? मराठी केलेलं? राजगडावर निघालेला एक पाहुणा आपल्याकडे भाकरी खाऊन उठला, नऊशे पानांचं ओझं ओट्यावर ठेवून "येताना नेतो" म्हणाला आणि दुसऱ्याच वाटेनं उतरला. तुम्ही ते पदरानं पुसलंत. "वहिनी, तुमी वाचलंय का हे?"

"कॉलेजातच," मी म्हणाले.

कशाला म्हणाले? घरात पदवीधर मी एकटी. सातवी शिकलेल्या नणंदेपुढं 'नाही' म्हणवेना. झालं!

मग तुम्ही शिलाई मशीनशी बसून वाचायला लागलात. त्यात एकेका माणसाला तीन-तीन नावं! नवं नाव आलं की तुम्ही पानाच्या कडेला सुईनं टाका घालायचात. जमीनदार निळा, त्याच्या मनातली शिकवणीची बाई हिरवी, कजाग आत्या लाल. "आत्या कुणावानी हाय, सांगू का?" म्हणून माझ्याकडं बघून हसलात. मला वाटायचं, सगळा देखावा आहे. पुस्तक उघडं आणि लक्ष रस्त्यावर!

भोरच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्ही माझा हात धरलात. "वहिनी, आता दिसत न्हाई ओ. त्या बुकातल्या दोघांचं म्होरं काय झालं?"

"लग्न झालं," मी ठोकून दिलं.

"व्हय? लई ब्येस झालं." आणि डोळे मिटलेत.

मरणाऱ्या माणसाला मी खोटं सांगितलं की चुकून खरं? तेराव्यानंतर पुस्तक उघडलं ते हे तपासायला. आणि तुम्ही खरंच किती वाचलं होतंत, तेही. पेपर तपासावेत तसा एकेक टाका तपासला. जमीनदाराला कुणी लाडाच्या नावानं हाक मारली, तरी दोरा निळाच. एक चूक नाही! उलट माझाच गोंधळ व्हायचा, आणि तुमचे दोरे धरून मी पुढं जायची.

आज शेवटचं पान वाचलं. लग्न होत नाही, वन्सं. ती गाडीत बसून जाते आणि तो फाटकाशी उभा राहतो. त्याच ओळीशेजारी तुमचा निळा टाका, वर पक्की गाठ.

म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं! मग विचारलंत कशाला? मला पकडायला? की त्यांचं लग्न झालेलं एकदा कुणाच्या तरी तोंडून ऐकायला? तुमचं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हाही तुम्ही "ब्येस झालं" एवढंच म्हणाला होतात म्हणे. तेही खरं नव्हतं ना?

सांगणार नाहीच तुम्ही. पण मी सांगते. एकही दोरा काढणार नाही, आणि उद्यापासून पुन्हा पहिल्या पानापासून वाचणार. कुणी विचारलं, "बाई, हे वाचलंय का?" तर म्हणेन, "आधी आमच्या वन्संनी. मग मी."

तुमची,
लाल दोऱ्याची वहिनी