शेऱ्याचा रकाना

३ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तू आणि वहिनी लेकीकडे नीट पोचलात, तिथली हवा तुला मानवते आहे, हे आईकडून कळलं. तू आईच्या फोनवर बोलतोस आणि माझा उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्र मध्येच तोडता येत नाही. फार तर वाचलं जात नाही.

आई बरी आहे. ऐकू कमी येतं, पण हवं ते नेमकं येतं. निकालाच्या दिवशी शेजारीण सांत्वनाला आली, तर आई तिला म्हणाली, "पडला तर पडला. निवडणुकीत पडलाय, विहिरीत नाही. आणि विहिरीत पडला असता तर मला काळजीच नव्हती, पोहून आला असता." शेजारीण हसून गेली. मग आईने आत जाऊन तुझी उरलेली पत्रकं नीट लावून ट्रंकेत ठेवली.

न्हाणीघराचा नळ शेवटी बदलून घेतला. प्लंबर तीनदा 'येतो' म्हणाला आणि चौथ्यांदा न सांगता आला. ऑफिसात सगळं तसंच. मला अजून मागून 'फूटपट्टी' म्हणतात. परवा एकाचा अर्ज तारीख नाही म्हणून परत केला, तर तो म्हणाला, "बाई, तुम्ही स्वर्गाच्या दारात बसलात तर देवसुद्धा बाहेर राहील." सगळे हसले, मीही हसले.

एकशे त्रेचाळीस मतं. एवढ्याने गेलास.

तुझा राग अहवालाचा आहे, हे मला कळतं. पण एकदा शांतपणे ऐक. निवडणुकीच्या दोन महिने आधी साहेबांनी वॉर्डातल्या बागा, मैदानं आणि तलाव किती लोक वापरतात याचा अहवाल मागवला. मी तो नोंदवहीवरून केला. तू शिकवायचास त्या पोहण्याच्या तलावाच्या वहीत रोजची सरासरी अडतीस माणसं. तुझ्या प्रचाराच्या पत्रकात रोज दीडशे. मी आकडा बनवलेला नाही. सकाळी सात ते साडेआठ या बायकांच्या तासाला तू कुणालाच वहीत नाव लिहायला लावलं नाहीस. नाव, वय, पत्ता, आजार असे रकाने आणि वही खिडकीवर सताड उघडी. ती बघून पहिल्याच आठवड्यात चौघी दारातून परत फिरल्या, तेव्हा तू वही मिटून ठेवलीस ती कायमची. तुझा चांगुलपणाच तो. पण नियम बाजूला ठेवला की कधीतरी अंगाशी येतं. फॉर्ममध्ये वहीबाहेरच्या माणसांना जागाच नव्हती, हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं. तुझ्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या त्या बांधकामवाल्याने तो कागद भर सभेत वाचला, यात माझा काय दोष?

वहिनीला म्हणावं, गुडघ्याला शेक चालू ठेव.

तुझी,
धाकटी


२१ मार्च

प्रिय दादा,

तुझं उत्तर आलं नाही. वहिनीचा फोन आला. म्हणाली, पत्र वाचलं, घडी केली, खिशात ठेवलं आणि फिरायला गेले. मी विचारलं, काही म्हणाला का? "तुझं अक्षर अजून चांगलं आहे, एवढं म्हणाले."

मी पत्रांची नक्कल डायरीत ठेवते, ही माझी जुनी खोड. काल ते पान उघडलं. 'यात माझा काय दोष' हे वाक्य वाचलं आणि त्याच चांगल्या अक्षराची लाज वाटली. शिवाय त्या पत्रात मी 'बायकांच्या तासाला' असं लिहिलंय. जणू मी ऑफिसच्या खिडकीतून त्यांना बघत होते. आपल्या दोघांना ठाऊक असलेली गोष्ट मी तुलाच लिहिताना गाळली, म्हणजे बघ.

तीन वर्षं मी त्या तासाला येत होते. एकेचाळिसाव्या वर्षी पाण्याला घाबरणारी बाई, कठडा सोडेना. तू काठावरून म्हणालास, "पाणी धरायला जाऊ नकोस, त्याच्यावर आडवी पड." दीड महिन्याने मी पलीकडच्या टोकाला पोचले, तेव्हा नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि मी रडले. डोळ्यांत पाणी गेलं म्हणून सांगितलं. कॉलेजची पदवी घेताना झाला नव्हता इतका आनंद मला त्या दिवशी झाला होता. आणि या तीन वर्षांत, तारीख नसलेले अर्ज परत करणाऱ्या मी, एकदाही त्या वहीत नाव लिहिलं नाही. साडेनऊला ओले केस घट्ट बांधून ऑफिसात जायची. विचारलं तर सांगायची, आज न्हाले.

आता सभेचं लिहिते. तू व्यासपीठावर होतास, तुला खालचं सगळं दिसलं असेल की नाही, ठाऊक नाही. मी तिसऱ्या रांगेत होते. बाजूला टेलरबाई, मागे नर्सबाई, आपल्या तासाच्या आणखी सात-आठजणी. बांधकामवाल्याने कागद वर धरला, माझी सही दाखवली आणि म्हणाला, "यांच्या सख्ख्या बहिणीला जी माणसं दिसली नाहीत, ती तुम्हाला कुठून दिसणार?"

लोक किती हसले, दादा. टेलरबाई माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. वाट बघितल्यासारख्या. मी उठले असते तर त्या उठल्या असत्या, त्या उठल्या असत्या तर मागच्याही. मी चपलेच्या पट्ट्याकडे बघत राहिले. मग त्यांनीही मान खाली घातली.

तुला एकच वाक्य बोलायचं होतं. 'माझी बहीण स्वतः रोज येते, विचारा तिला.' सभा फिरली असती. तू ते बोलला नाहीस. 'ज्यांना नाव सांगायचं नाही त्यांची नावं मी सांगणार नाही,' एवढं म्हणून बसलास, आणि लोक आणखी हसले. त्या दिवशी मला वाटलं, तुला सुचलं नाही. मी खरंच तसं डायरीत लिहिलंय. 'दादाला ऐन वेळी सुचत नाही.'

आई विचारते, तू कधी येणार. मी सांगते, थंडी कमी झाली की. थंडी केव्हाच गेली.

तुझी,
धाकटी


१४ एप्रिल

प्रिय दादा,

ही बातमी तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. निवडून आलेल्या नव्या लोकांच्या पहिल्याच बैठकीत तलाव बंद करायचं ठरलं. तिथे वाहनतळ होणार. ठरावात कारण दिलंय, 'अत्यल्प वापर'. खाली आधार म्हणून माझ्या अहवालाचा क्रमांक आणि तारीख. ठरावाची प्रत टाइप करायला माझ्याच टेबलावर आली. मी ती केली. एकही चूक नव्हती.

सोमवारी ऑफिसला जाताना वाट वाकडी करून तिकडे गेले. पाणी सोडून दिलं होतं. तळाच्या निळ्या फरशा इतक्या फिक्या असतील असं वाटलं नव्हतं. खोल बाजूला एक केसांचा चाप आणि कुणाचा तरी चष्मा पडला होता. जाळीच्या बाहेर टेलरबाई उभ्या होत्या. त्यांची पाठ परत धरली आहे. मशीनवर तासभरसुद्धा बसवत नाही म्हणाल्या. सभेबद्दल एक शब्द काढला नाही. मीच काही बोलायला गेले तर थांबवलं. "तुम्ही ऑफिसात असता. एक अर्ज लिहून द्या आम्हाला. नावं घालतो आम्ही. आता काय लपवायचं, पाणीच गेलं."

दादा, आता जे लिहिते ते तुला ठाऊक नाही. बाकी सगळं ठाऊक होतं, आणि म्हणूनच मी दोन पत्रांत तेच लिहीत बसले.

अहवाल देण्याच्या आदल्या दिवशी तू घरी आला होतास. आई चहा गाळत होती. तू म्हणालास, आकडा वाढवू नकोस, फक्त एवढंच लिही की सकाळच्या तासाची नोंद होत नाही. मी म्हणाले, फॉर्ममध्ये त्याला जागा नाही. तू लगेच मानलंस. म्हणालास, "मग राहू दे, तुझ्या नोकरीवर यायला नको." चहा पिऊन गेलास.

जागा होती. शेवटचा रकाना 'शेरा' असा होता, चांगला चार बोटं रुंद. मी त्यात लिहिलंही होतं. 'सकाळी ७ ते ८.३० महिलांची नोंद ठेवली जात नाही. प्रत्यक्ष उपस्थिती पुष्कळ जास्त.' ते पान मी दुसऱ्या दिवशी सकाळी फाडलं आणि नवीन फॉर्मवर शेऱ्यात आडवी रेघ मारली. कारण साहेबांनी पहिला प्रश्न विचारला असता, तुम्हाला कसं माहीत? मग सगळ्या ऑफिसला कळलं असतं की फूटपट्टी रोज सही न करता आत जाते, आणि या वयात, या अंगाने, पोहण्याचा पोशाख घालून पाण्यात उतरते. एवढंच, दादा. नोकरीचा प्रश्न नव्हता. हसतील, एवढंच होतं. मला कुणी हसू नये म्हणून मी लोकांना तुला हसू दिलं. आणि वर तुला नियम सांगितला.

बायकांचा अर्ज लिहून दिला आहे. एकशे सात नावं झाली, पत्त्यांसकट. माझं चौथं आहे. आधीच्या तिघी पहाटेच माझ्या दारात येऊन बसल्या होत्या. त्याबरोबर मी साहेबांना वेगळं लेखी दिलं, की अहवालातला शेरा मी जाणूनबुजून कोरा ठेवला आणि तो आकडा अपुरा आहे हे मला स्वतः तिथे जात असल्यामुळे माहीत होतं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. "बाई, निवडणूक होऊन गेली. आता हे देऊन कुणाचा फायदा?" मी म्हणाले, फायदा नाही, नोंद. त्यांनी शिक्का मारून घेतलं. चौकशी होईल म्हणतात. अर्जाचं काय होईल ते मात्र कुणी सांगत नाही. मला वाटतं काही होणार नाही. तलावाची मागच्या बाजूची भिंत कालपासून पाडताहेत.

ऑफिसात सगळ्यांना कळलं. कुणी फारसं हसलं नाही. एकीने जेवणाच्या सुट्टीत विचारलं, "पाण्याची भीती जाते का हो खरंच?" मी हो म्हणाले. मग तिला सांगता येईना की आता कुठे जायचं.

आईला सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकलं, एकदाही 'काय?' म्हटलं नाही. मग म्हणाली, त्याला लिही.

माफी मागायची आहे, पण तू लगेच देशील, मागच्या वेळी 'राहू दे' म्हणालास तशी, आणि मला ती तशी नको आहे. म्हणून या पत्राला उत्तर देऊ नकोस. आईला मात्र भेटायला ये. त्या दिवशी मी हवं तर बाहेर थांबेन.

तुला व्यासपीठावर एकटं ठेवून खाली बसून राहिलेली,
तुझी धाकटी