उन्हात मांडलेले सेल

अंबरीशदादा,

तुझ्या नव्या पत्त्यावर डाक जात नाही, म्हणून हे पत्र टेपच्या सेलच्या खणातच ठेवीन.

काल ओमती बाजारातल्या कबाड्याकडून आणखी एक जुना टू-इन-वन टेप आणला. बायको म्हणाली, "घरात माणसांना जागा नाही, अन् हे कबाड काहून आणून राहिले जी?" तिला कसं सांगू, की एका माणसाची जागा रिकामी आहे आणि ती इतक्या टेपांनीही भरत नाही?

लहानपणी टेपचे सेल संपले की तू ते गच्चीवर उन्हात मांडायचास. "थांब बे, जागे होतील." व्हायचेही. दोन गाणी नीट वाजायची, तिसऱ्यात गायिकेची म्हैस व्हायची.

मार्चमध्ये डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा मी तुझी खाट गच्चीवर उन्हात ओढली. सगळे म्हणाले, नरहर खुळावला. तू मात्र ओळखलंस. हसून म्हणालास, "दोनच गाणी हं, बे."

संध्याकाळी तू गेलास.

बायकोनं आज नवे सेल आणून दिले. ते तसेच पुडक्यात आहेत. मी जुनेच उन्हात मांडून शेजारी बसलो आहे.

तुझाच धाकटा,
नरहर